चुकण्यासाठी एक भारा

एका डोंगराळ गावात दोर वळणारा एक म्हातारा राहत होता. गावाच्या पायथ्याशी नदी होती. उन्हाळ्यात ती इतकी बारीक व्हायची की शेळ्यासुद्धा पाय न भिजवता पलीकडे जायच्या, पण पावसाळ्यात पलीकडे जायला साकवाशिवाय वाट नसे. दोन काठांवरच्या दोन झाडांना अंबाडीचे दोन जाड दोर बांधायचे आणि त्यांवर बांबू अंथरायचे, असा तो साधा पूल दर वर्षी नव्याने बांधावा लागे.

एवढा लांब दोर एका तुकड्यात होत नाही. आखूड दोर वळून ते जोडावे लागतात. दोन टोकांचे पदर उकलायचे, एकमेकांत ओवायचे आणि ओढून असे बसवायचे की जोड कुठे आहे ते हाताला कळू नये. त्याला सांधा म्हणत. सांधा मारणारा गावात हा म्हातारा एकटाच होता.

एका वर्षी पाटील त्याला म्हणाले, "बाबा, तुमचं वय झालं. तुमच्यामागं गावानं काय करायचं? मी दहा माणसं देतो, त्यांना शिकवा."

म्हाताऱ्याने होकार दिला आणि तयारीला लागला. त्याने अंबाडी भिजवली, सोलली, विंचरली आणि तिचे बरोबर दहा भारे केले. एक दोराही वाया जाणार नाही असा हिशेब त्याने बसवला होता, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. गावातल्या मोठ्या वडाची सावली कुठल्या वेळी कुठे सरकते, ते त्याने आदल्या दिवशी बसून पाहिलं आणि तिथेच दहा खुंट्या ठोकल्या. पहिल्या दिवशी पीळ, दुसऱ्या दिवशी दोर, तिसऱ्या दिवशी सांधा, असं ठरलं. सुनेला दिवस गेले होते, तरी तिने सगळ्यांच्या भाकऱ्यांचं काम अंगावर घेतलं.

दहा जण येऊन बसले. त्यांत म्हाताऱ्याचा मुलगाही होता. म्हाताऱ्याने करून दाखवलं, मग सगळ्यांनी हात चालवले. कुणाचा पीळ सैल पडला, कुणाचा पदर उलटा गेला.

म्हातारा लगेच पुढे झाला. "आण इकडे. अंबाडी नासवशील."

त्याने तो दोर घेतला, भराभर नीट केला आणि परत दिला. मग दुसऱ्याकडे गेला, मग तिसऱ्याकडे. मुलगा एकदा म्हणाला, "आबा, मला जरा चाचपडू द्या."

"चाचपडायला माल कुठाय? मोजून आणलाय," म्हातारा म्हणाला, आणि त्याच्याही हातातून दोर घेतला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वडाखाली दहा देखणे दोर जोडलेले पडले होते. पाटील खूश झाले. दहाही जणांना वाटलं, आपण शिकलो. खरं तर दहाही दोरांवर एकाच माणसाचे हात फिरले होते, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

श्रावणात नदीला मोठा पूर आला. त्याच दिवशी सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या. सुईण पलीकडच्या गावात राहायची. मुलगा म्हणाला, "मी जातो," पण म्हाताऱ्याला याही कामात दुसऱ्याचा भरवसा वाटला नाही. तो स्वतः साकवावरून गेला.

सुईणीला घेऊन तो नदीवर परतला, तोच पुरात वाहत आलेलं एक झाड साकवावर आदळलं. अलीकडच्या काठाजवळ एक दोर तुटला आणि साकव कलला. तुटलेलं टोक बांबूंत अडकून काठाशीच राहिलं होतं. मुलाने हाक दिली, दहाही जण धावले आणि टोक ओढून घेतलं. नवा दोर वडाखालच्या खोपटात होता. ओल्या जाड दोरात साधी गाठ टिकत नाही. फक्त एक सांधा मारायचा होता.

मुलाने पदर उकलले, ओवले, ओढले. सांधा सुटला. दुसऱ्याने करून पाहिला, तोही सुटला. नीट झालेला सांधा कसा दिसतो ते दहाही जणांना ठाऊक होतं. तो व्हायला बोटांनी काय करायचं, ते एकालाही ठाऊक नव्हतं.

पलीकडून म्हातारा ओरडत होता, पण पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. त्याचे पुढे पसरलेले हात मात्र दिसत होते. आण इकडे, आण इकडे, असंच ते हात म्हणत होते.

दिवस कलताना पाणी उतरलं आणि सुईण कमरेएवढ्या पाण्यातून आली. सून वाचली. बाळ वाचलं नाही.

मुलगा म्हणाला, "आबा, आम्हीच नीट शिकलो नाही."

"तुम्हाला शिकू कुणी दिलं?" म्हातारा म्हणाला, आणि रडला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने पुन्हा वडाखाली खुंट्या ठोकल्या. या वेळीही दहा भारे केले, आणि शेजारी अंबाडीचा आणखी एक मोठा भारा रचला.

"हा कशाला?" पाटलांनी विचारलं.

"चुकण्यासाठी," म्हातारा म्हणाला.

सून पुढे आली. "मामंजी, या वेळी मीही बसणार."

म्हाताऱ्याने तिच्यासाठी अकरावी खुंटी ठोकली. सगळ्यांना एकदा सावकाश करून दाखवलं. मग तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हात मागे घेतले. "सूनबाई, हे हात बांध. नाहीतर ते ऐकायचे नाहीत."

तिने अंबाडीच्या दोऱ्याने त्याचे हात बांधले.

त्या दिवसांत अंबाडी खूप नासली. ज्याने सांधा मारला त्यानेच तो फांदीला बांधून लोंबकळायचं, असा नियम होता. खाली पेंढा पसरला होता, आणि पहिल्या दिवशी सगळेच पेंढ्यात पडले. एकमेकांना हसले आणि पुन्हा बसले. म्हातारा तोंडाने सांगे, पण हात पुढे येत नसत. मोठा भारा संपत आला तसे सांधे टिकू लागले.

शेवटी सून लोंबकळली. सांधा तटतटला, पण सुटला नाही. तिने विचारलं, "मामंजी, बरोबर आहे का?"

"मला काय विचारतेस? त्यानं तुला धरलंय ना?"

मग तिने त्याचे हात सोडले.

त्या वर्षी साकव बांधला, तेव्हा अलीकडच्या काठाजवळ सुनेचा सांधा आला. म्हाताऱ्याने त्यावरून बोट फिरवलं. तो ओबडधोबड होता, हाताला चांगलाच लागत होता. उकलून पुन्हा नीट करावा असं त्याला फार वाटलं. त्याने हात मागे बांधले आणि सगळ्यांच्या आधी तो त्या साकवावरून पलीकडे गेला.

तात्पर्य: शिकवायला बसणाऱ्याने सामान मोजताना शिकणाऱ्यांच्या चुकांचाही वाटा काढून ठेवावा, आणि त्या चुका होत असताना आपले हात आवरावेत.