लाकडी बोटांची म्हातारी

एका राज्यात राजा लाकडाचा होता. सिंहासनावर तो नुसता बसवलेला. हुकूम सोडी कालभद्र मांत्रिक. त्याच्या खांद्यावर एक मैना असे. माणसाने मनात जुळवलेले वाक्य ती त्याच्या आधी बोले आणि तो माणूस जागीच लाकूड होई. प्रजेने भीतीने बोलणेच सोडले होते, सारा कारभार खुणांवर चाले.

दरबारातल्या लाकडी रांगेत तुळाजी बहुरूपीही होता. तोंड उघडे, वाक्य अर्धे. सोंगांची भाषणे त्याने घोटून पाठ केली होती, तेच त्याला भोवले.

त्याची बहीण भिवरा दरबारात आली. कालभद्राला पाहताच, काही न ठरवता तिच्या तोंडून निघून गेले,

"माझा भाऊ परत द्या, महाराज."

"तीन सोंगे आण. मैना हरली तर सारे सुटतील. नाहीतर रांगेत जागा आहे," कालभद्र म्हणाला. "पहिला, शिपाई."

आई सांगे, सोंग आधी पायात येते, मग तोंडात. भिवराने काहीच ठरवले नाही, नुसता एक पाय ओढला. चार पावलांत तिला कळले, ह्या शिपायाला जोडा चावतो आहे.

"पहारा माझा, पण जोडा दुसऱ्याचा!" शिपाई करवादला. मैना गप्प.

"दुसरी, नवरी."

भिवराने मान खाली घातली, तशी पाठीवरून मुंगी चढली. नवरी किंचाळून जणू अंतरपाटामागे पळाली. मैना गप्पच.

"तिसरी, म्हातारी."

आता मात्र भिवरा घाबरली. एवढ्यावर येऊन भाऊ हातचा जायचा! तिने मनात घाईघाईने एक वाक्य जुळवले.

"देवा, ने रे आता मला!" मैना ओरडली.

भिवराची बोटे लाकूड झाली. लाकूड मनगटावर चढू लागले. ती भयाने बोटांकडे बघत राहिली. ताठ, न वळणारी बोटे. म्हातारीचीच ती! तिने ती कालभद्रापुढे धरली.

"बाळा, बोटं वळत नाहीत रे. घास कसा भरवू? आज तुझ्या हातानं जेव, पण उपाशी निजू नकोस."

"नाही निजणार, आई," कालभद्र बोलून गेला.

मैनेने त्याच्याकडे पाहिले. धन्याच्याच तोंडचे वाक्य तिला आधी सापडले नव्हते. हरलेली मैना फडफडत खिडकीबाहेर गेली. कालभद्र ओंजळीत तोंड लपवून रडू लागला.

भिवराची बोटे वळली. रांग हलली, राजाने डोळे उघडले. तुळाजीने उघडे तोंड मिटले आणि गोंधळून विचारले, "भिवरे, माझं पुढचं वाक्य काय होतं गं?"

"गेलं ते, दादा," म्हणत भिवराने त्याला मिठी मारली.

मैना उडाली रानात, कहाणी उरली कानात.