तळमजला अधिक चार

बुखारेस्टच्या मुंतेयानूसाहेबांनी एक इमारत बांधली आणि तिची उंची बघून स्वतःच थक्क झाले. रोमानियन माहितीपत्रकाचं इंग्रजी करायला त्यांनी अनघा टिपणीस या तिथल्या मराठी बाईंना बोलावलं. मूळ कागदावर, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, स्वच्छ लिहिलं होतं: तळमजला अधिक चार.

“इंग्रजीत स्कायस्क्रेपर लिहा,” साहेब म्हणाले.

“साहेब, तसं चाळीस-पन्नास मजल्यांना म्हणतात.”

“मला शिकवू नका! जमत नसेल तर दुसरा अनुवादक बघतो. तुम्ही इथे खालीच थांबा, मी गच्चीवर जाऊन दाखवतो तुम्हाला उंची.”

लिफ्ट नव्हतीच. साहेब धापा टाकत जिने चढले. खाली फाटकापाशी अनघाबाई उभ्या होत्या आणि शेजारी घरं बघायला आलेली गिऱ्हाइकं.

वरून गर्जना झाली, “बोला आता! इमारत आभाळाला टेकलीय की नाही?”

अनघाबाईंनी आवाज जराही न चढवता विचारलं, “साहेब, माझं बोलणं वर ऐकू येतंय का?”

“न यायला काय झालं? शब्द न् शब्द ऐकू येतोय!”

“मग तळमजला अधिक चार असंच लिहिते.”

गिऱ्हाइकं खो-खो हसली. साहेबांना वर तेही अगदी स्पष्ट ऐकू आलं.