मैदानातला विसावा

हात जोडू नका पाहुणे, देव नाही तो. येणारा-जाणारा दर वेळी फसतोच. मैदानाच्या कडेला, मधल्या रेघेच्या टोकाशी एवढा लांबरुंद दगड दिसला की हात आपोआप वर जातात. पण शेंदूर आहे का त्यावर? नारळ फोडलेला दिसतो का? नाही ना. तो विसाव्याचा दगड आहे. स्मशानात नेताना तिरडी वाटेत जिथं टेकवतात तो विसावा. बाकीच्या गावांचा विसावा वेशीजवळ असतो, नाहीतर ओढ्याकाठी. आमच्या हिवरखिंडीचा हॉकीच्या मैदानात आहे, आणि त्यापायी तिरडी स्मशानाची वाट सोडून अर्धा कोस उलटी आणावी लागते. त्यात आणखी एक रीत. मेलेल्या माणसाचं अगदी जवळचं माणूस घरापासून खांदा देत नाही. ते आधीच इथं येऊन उभं राहतं, आणि तिरडी दगडावरून उचलली की मग खांद्याखाली शिरतं. पंचक्रोशीत आम्हाला वेड्यांचं गाव म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांना सुंदरा कोण ते ठाऊक नाही.

साठ वर्षं होऊन गेली, असं सांगतात. तेव्हा गावात रंगराव मास्तर म्हणून एक होते. फौजेतून घरी आले ते हॉकी घेऊनच आले. पोरांना बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून स्टिका करून दिल्या, हा मुरूम स्वतः कुदळीनं सपाट केला आणि सोळा वर्षांखालच्या पोरांची टीम उभी केली. छोटी टीम म्हणायचे तिला. टीम छोटी, पण भल्याभल्यांना पाणी पाजायची. दुखणं एकच होतं, ते म्हणजे हे मैदान. पोरगं पडलं की गुडघ्याची साल निघायची. एकाचा तर डोळा खड्यानं जाता जाता वाचला म्हणे. तेव्हापासून मास्तरांनी ध्यास घेतला, की पोरांना एक चांगलं बांधीव मैदान मिळालं पाहिजे. हिरवळीचं, बघणाऱ्यांना पायऱ्या असलेलं.

जिल्ह्याच्या क्रीडा मंडळाकडे असं एकच मैदान द्यायचं होतं आणि मागणारी गावं दोन. एक आमचं, दुसरं खालचं पेठेचं गाव. मंडळाचे साहेब येऊन म्हणाले, "पोरं खेळतात ते दिसतंय. बघायला कोण येतं ते दाखवा. तीन मॅचना मी येणार. तिन्ही वेळा हजार माणूस दिसलं तर मैदान तुमचं. आणि मोजणी मध्यंतरानंतर. सुरुवातीला काय, कुणीही येतं. टिकतं कोण ते बघायचंय मला."

हजार माणूस! गावात बाया, पोरं, म्हातारे सगळे धरले तर कसेबसे तेवढे भरायचे. आणि बायका तर मैदानाकडे फिरकायच्याही नाहीत. त्यांना आणलं ते मास्तरांच्या बायकोनं, ताराक्कांनी. घरोघरी जाऊन त्या म्हणायच्या, "पोरगा तुझ्या पोटचा, आणि त्याचा गोल बघायला परक्यांनी यायचं व्हय गं?" त्यांचा एक नेम साऱ्या गावाला माहीत होता. मॅचच्या दिवशी मॅच सुटेपर्यंत मास्तरांच्या घरात चूल पेटायची नाही. पोरं उपाशीपोटी धावतात, मग आपण कसं जेवायचं, असं त्यांचं म्हणणं. ताराक्कांच्या शब्दाखातर बायका मैदानालगतच्या टेकडीवर येऊन बसायला लागल्या आणि पहिल्या दोन मॅचना टेकडी फुलून गेली. साहेबांनी दोन्ही वेळा हजार भरल्याचं लिहिलं. राहिली तिसरी.

तिसऱ्या मॅचच्या आधी महिनाभर ताराक्का अंथरुणाला खिळल्या. करणारी एकटी सून, सुंदरा. वय बावीस. नवरा फौजेत, दूर बर्फात कुठंतरी. सासू-सुनेचं असं जमायचं की लोक म्हणायचे, मायलेकीच या. माघातल्या त्या दिवशी सकाळी ताराक्कांनी कुंकू लावून घेतलं, भिंतीला टेकून बसल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, "जावा. आज बरं वाटतंय मला. हितनंच ऐकते." मास्तर खूश होऊन गेले. त्यांची पाठ वळल्याबरोबर ताराक्कांनी सुनेचा हात आपल्या डोक्यावर ठेवला.

"सुंदरे, आज माझं काय झालं तर मॅच सुटंपत्तोर तोंड उघडायचं न्हाई. शपथ घे."

"आत्याबाई, असलं काय बोलता?"

"शपथ घे म्हणते ना! या गावाची रीत तुला ठावं हाय."

होतीच तशी रीत. हिवरखिंडीचा एकच ताठा. इथं मयताला माणूस कमी पडत नाही. कुणाचंही असो, गरिबाचं, वैऱ्याचं, खबर कानावर आली की हातातलं काम टाकून सगळं गाव उठायचं. नांगर तासात उभा राहायचा, लग्नाची पंगत अर्ध्यावर थांबायची. सुंदरानं रडत रडत शपथ घेतली.

दुपारी मैदानावर शिट्टी वाजली. टेकडीवरून पहिल्या गोलचा गजर उठला, तो ताराक्कांनी ऐकला. "आपला न्हवं?" एवढंच विचारलं. सुंदरा म्हणाली, "आपलाच." मग त्यांची मान कलली.

सुंदरानं दार लोटून घेतलं. ओरडायचं नव्हतं म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबला. गावात चिटपाखरू नव्हतं. ती, सासूचा देह, आणि लांबून येणारा लोकांचा आवाज. अजून अर्धी मॅच जायची होती. एवढ्यात बोळात पावलं वाजली. कुणीतरी बाई तान्ह्या पोराला पाणी न्यायला टेकडीवरून खाली आली असणार. दार उघडून कुणी आत डोकावलं तर? तिला एकच सुचलं. मयताच्या घरात चूल पेटत नाही. मग आपली पेटलेली दिसली, तर कुणाच्या मनातही येणार नाही. तिनं काटक्या सरकवल्या, फुंकर घातली आणि रीत मोडून, मेलेल्या माणसाच्या उशाशी चूल पेटवली. पावलं निघून गेली. तिला वाटलं, निभावलं.

सासूचा नेम तिला त्या घडीला आठवलाच नाही. रोज सासूच्या हाताखाली वावरणारी पोर ती, पण दुःखात माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही.

टेकडीवर हौसाक्का म्हणून एक म्हातारी बसली होती. मध्यंतर होत आलं होतं. ती कपाळावर हात धरून गावाकडे बघत म्हणाली, "अगं बया, मास्तरांच्या घरावर धूर? मॅच चालू असताना?" शेजारच्या बायका बघायला लागल्या. त्या घरातून मॅचच्या मध्येच धूर निघतो म्हणजे एकच. अंगणात पाणी तापवतायत, देहाला आंघोळ घालायला. हौसाक्का काठी टेकत खाली आली आणि तिनं दार ढकललं.

सुंदरानं तिचे पाय धरले. "मावशी, मॅच सुटंपत्तोर गप बसा. आत्याबाईंनी शपथ घातलीया. मैदान जाईल हो पोरांचं."

"आन् मयत झाकून ठेवू? ताराचं? गावाला काय तोंड दावू मी?" म्हातारी रडत रडत परत गेली.

वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, हे ध्यानात घ्या. ज्या बाईनं घरोघरी जाऊन आपल्याला इथं आणून बसवलं ती गेली, आणि आपण टाळ्या वाजवत बसायचं? ओळीमागून ओळ कुजबुजली आणि माणसं उठायला लागली. मास्तर मैदानाच्या पलीकडच्या कडेला होते, पोरांना ओरडून सांगण्यात गुंग. जाणत्यांनी ठरवलं, मास्तरांना आत्ता सांगायचं नाही, पोरं खचतील. शेवटची मॅच आहे, सुटली की सांगू. आवाज न करता, चपला हातात घेऊन सगळं गाव टेकडीवरून उतरलं. साहेब मोजणीला बसलेत हे कुणाच्या डोक्यात आलं नसेल का? आलं असेल. पण उठायचं नाही कसं, हे हिवरखिंडीला माहीतच नव्हतं.

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवून वर बघितलं तर टेकडी बोडकी. ते उठले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. अकरा माणसं मोजली, त्यात एक लंगडा म्हातारा आणि शेळ्या राखणारे दोघे. मास्तर धावत आले. "साहेब, थांबा. कायतरी झालंय. येतील." साहेब माणूस वाईट नव्हता. शिट्टी वाजेपर्यंत थांबला. पोरं तीन-एकनं जिंकली, आणि टाळी वाजली ती साहेबांची एकट्याची. मग त्यांनी वहीत अकरा लिहिले आणि मोटारीत बसले.

मास्तर टेकडीकडे बघत उभे राहिले. लंगडा म्हातारा खाली येऊन म्हणाला, "गावात मयत झालंय म्हणं. कुणाचं ते ठावं न्हाई." मास्तरांचा संताप असा उसळला म्हणतात, की पोरं मागं सरली. त्यांनी वाकून मूठभर मुरूम उचलला.

"या मैदानाची आण घेऊन सांगतो. ज्याच्या मयतापायी गाव माझ्या पोरांना सोडून गेलं, त्याच्या घराचा उंबरा मी ओलांडणार न्हाई. त्या घरातनं निघणाऱ्या तिरडीला खांदा देणार न्हाई. कुणाचं का असंना!"

नेमकी त्याच वेळी सुंदरा बांधावरून धावत येत होती. मास्तरांना कुणीच सांगितलेलं नाही हे कळताच ती अनवाणी निघाली होती. शेवटचे शब्द तिच्या कानावर पडले आणि ती जागच्या जागी थिजली.

मास्तरांनी तिला बघितलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तू तरी आलीस, पोरी. बघ, सगळी गेली. घरी कसं सांगू मी तिला?"

सुंदरा म्हणाली, "मामंजी, आत्याबाईच गेल्या."

मास्तर मटकन खाली बसले. मूठ उघडली नाही, मुरूम तसाच हातात. मग म्हणाले, "शब्द गेला सुंदरा माझ्या तोंडातनं. पोरांच्या देखत गेला." आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मैदानावर दिलेला शब्द फिरवायचा नसतो, हेच त्यांनी त्या पोरांना जन्मभर शिकवलं होतं. पोरं समोर उभी होती, घामानं निथळत, जिंकलेली.

"तुमचा कसूर न्हाई," सुंदरा म्हणाली. "चूल मी पेटवली. गाव माझ्यामुळं उठलं. मारा मला, पण असं रडू नका." मास्तरांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा तिनं डोळे पुसले. "तुम्ही तिकडं येऊ नका, मामंजी. मी आत्याबाईंना हिकडं आणते."

गावातल्या वडीलधाऱ्यांनी कानावर हात ठेवले. तिरडी उलट्या वाटेनं नेत नाहीत, गावाला पीडा लागेल. सुंदरा कधी कुणापुढं मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "पीडा लागायची ती लागली की! मैदान गेलं, आत्याबाई गेल्या. ज्यांच्या मानापायी उठून आलासा, त्यांना त्यांच्या माणसाचा खांदा मिळू द्या." हौसाक्काच पहिल्यांदा म्हणाली, "उचला."

दिवस मावळायला अजून घटकाभर वेळ होता. तिरडी शिवारातून उलटी मैदानावर आली आणि या दगडावर टेकवली. मागून आलेलं सगळं गाव, सांगावं लागलं नाही, टेकडीवर जाऊन आपापल्या जागी बसलं. मास्तरांनी मान वर केली. दुपारी होती तशीच भरलेली टेकडी, कुणी पापणी हलवत नव्हतं. "आली सगळी," एवढंच ते म्हणाले. उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता, आणि ही तिरडी आता मैदानातून निघणार होती. त्यांनी पुढून खांदा दिला. मागं पोरांनी खांदा दिला. त्या घरात ते पुन्हा कधी गेले नाहीत. इथंच झोपडी घालून राहिले, सुंदरा दोन वेळची भाकरी आणून द्यायची.

मैदान पेठेला मिळालं. हिवरखिंडीनं दुसरं काही केलं नाही, फक्त त्या दिवसापासून प्रत्येक तिरडी इथं आणायला सुरुवात केली, आणि जवळच्या माणसानं इथूनच खांदा द्यायचा, गावानं टेकडीवर बसायचं, असं ठरवलं.

आजही छोटी टीम याच मुरमावर खेळते आणि नव्या मैदानाचं बोलणं चालूच आहे. दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी साहेब येतात आणि विचारतात, बघायला किती येतात? गेल्या माघात असेच एक तरुण साहेब न कळवता आले. मोटारीतून उतरले तर टेकडी गच्च भरलेली, पोरं स्टिका घेऊन रांगेत उभी. त्यांचा चेहरा खुलला. "वा! अहो, एवढी हजेरी? मग अडलंय कुठं?" म्हणत त्यांनी वही काढली आणि वरच्या ओळीपासून मोजायला लागले. सरपंच शेजारी होते. शंभर माणसं ऐकत होती. कुणीतरी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

दगडापाशी एक वाकलेले म्हातारे फौजी उभे होते, रंगराव मास्तरांचे चिरंजीव. ते म्हणाले, "साहेब, मॅच नाही ही. माझ्या सुंदराला आणतायत."

साहेबांनी वही मिटली, बूट काढले आणि बाजूला उभे राहिले. जाताना म्हणाले, रविवारी मॅचला येतो. शब्दाचे पक्के निघाले, आले. मध्यंतरानंतर त्यांनी मोजलं. टेकडीवर छत्तीस माणसं होती.