डावीकडचं मीठ

"मग मुतखडा मलाच का, माई? सांगा ना, मलाच का?"

विश्वंभर पैलवान मठाच्या ओसरीवर नीट टेकलाही नव्हता, तोवर त्यानं तोफ डागली. तालमीचा वस्ताद तो. संतापायला माणसाला काहीतरी कारण लागतं. विश्वंभरला तेवढंही लागत नसे, आणि आज तर होतं.

मठ सांभाळणाऱ्या रेवामाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"दारू नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा नाही! आमचा थोरला भाऊ दिवसभर तंबाखू चघळतो, तो ठणठणीत. आणि मी कमरेत कळ आली की गुरासारखा ओरडतोय. हा काय न्याय झाला?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"त्याला काय कळतंय, डोंबल! माझ्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांवर उठलाय. म्हणे, जास्तीचं व्हिटॅमिन अंगात साठत नाही, त्यातल्या थोड्याचं ऑक्झलेट होतं. ते लघवीत कॅल्शियमला चिकटलं की खडा धरतो. बरं, ठाम तरी बोलावं? 'धोका वाढू शकतो' म्हणे. शकतो! एवढ्यावर मी गोळ्या सोडू?"

"किती घेतोस?"

"हजार मिलिग्रॅमची एकेक. सकाळी, दुपारी, रात्री. अहो, चांगल्या गोष्टीला माप कशाला?"

माईंच्या हातातलं सूप थांबलं...

"आणि मुक्ता?"

मुक्ता त्याची एकुलती एक लेक. त्याच्याच आखाड्यात कुस्ती शिकलेली.

"तिलाही तेवढ्याच. माझ्या हातानं देतो!" विश्वंभरची छाती फुगली. मग आवाज जरा खाली आला. "कालपासून तिचीही कंबर धरलीय. लघवी लाल झाली. डॉक्टरनं तिलाही तेच सांगितलं, आणि आता कार्टी गोळीला हात लावत नाही. माझ्याकडं बघतसुद्धा नाही, माई! तुमचा शब्द ती मोडायची नाही. बापाचं ऐक, एवढंच सांगा तिला. त्यासाठीच आलोय."

माईंनी सूप बाजूला ठेवलं.

"आधी जेव," त्या म्हणाल्या.

पाट मांडला, ताट ठेवलं. मधोमध भाताची मूद आली. मग ताटात डावीकडं, जिथं चिमूटभर मीठ वाढतात, तिथं माईंनी मूठभर मीठ घातलं. मग आणखी एक मूठ. मग आणखी एक. मीठ ओघळून भातावर आलं, तरी त्यांचा हात थांबेना.

"माई! अहो, काय करताय?"

"का रे? मीठ वाईट असतं?"

"वाईट नसतं, म्हणून काय मुठीमुठीनं खायचं?" विश्वंभरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या वर्षांत मठात त्याचा असा अपमान कुणी केला नव्हता. त्यानं ताट लोटलं. "वैऱ्यालासुद्धा कुणी असं वाढत नाही!"

माईंनी हाताला लागलेलं मीठ झटकलं...

"घरी मुक्ताला कोण वाढतं, विश्वंभर?"