आधी हात, मग बांगडी

एका गावात एक कासार राहायचा. बांगड्या भरण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं, पण घरातलं काही ठरवायचं म्हटलं की स्वारी गावभर विचारत सुटायची.

त्याला एक लेक होती, हौसा. पोर मोठी गोड. डोळे मिटून, नुसतं चाचपून कोणती बांगडी कोणत्या मापाची ते सांगायची. अक्षरं मात्र तिच्याजवळ टिकत नसत. सकाळी 'ग' गिरवला की दुपारपर्यंत गायब. गलका झाला की ती कान झाकायची आणि मग दिवसभर तोंडातून शब्द काढायची नाही. हिला कुठल्या शाळेत घालावं, याचा आईबापांना घोर लागला होता.

गाव म्हणालं, "अरे, पेठेतल्या मोठ्या शाळेत घाल. केवढी कमान आहे तिची."

झालं. बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून, लेकीचं बोट धरून कासार निघाला. बायको म्हणाली, "अहो, ओढ्यापलीकडे बाईंची लहान शाळा आहे, तीही बघून या."

"तिला कमान आहे का?" असं विचारून तो चालूही लागला.

मोठ्या शाळेत दोनशे पोरं एका सुरात पाढे म्हणत होती. हौसाने कान झाकले. कासार कमानीकडे बघण्यातच दंग. गुरुजी भले गृहस्थ होते. म्हणाले, "आमच्याकडे वर्षात वीसपर्यंत पाढे. सगळ्यांना एकच चाल. उद्यापासून पाठवा." हौसाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कासाराने मान डोलावली.

तेवढ्यात गुरुजींची बायको बाहेर आली. माळेतल्या चिमुकल्या हिरव्या बांगड्यांवर बोट ठेवून म्हणाली, "ह्याच भरा. सगळ्यांत देखण्या आहेत."

"आधी हात द्या, वहिनी." कासाराने सवयीने हात दाबून पाहिला. "ह्या नाही व्हायच्या. बांगडी कितीही देखणी असो, हात न बघता भरली तर बांगडी फुटते आणि हातही..."

बोलता बोलता त्याची नजर लेकीकडे गेली. ती अजून कान झाकून उभी होती. कासाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर लोकांचे हात पाहिले आणि पोटच्या पोरीकडे बघायचं राहिलं. त्याने वहिनींना मापाच्या बांगड्या भरल्या, गुरुजींना नमस्कार केला आणि हौसाला घेऊन थेट ओढा ओलांडला.

तिथे कमान नव्हतीच, धड दारही नव्हतं. बाई हौसाशेजारी जमिनीवर बसल्या. "हिला काय आवडतं? आणि काय सोसत नाही?" त्यांनी विचारलं. कासार सांगत गेला, बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी ओल्या मातीची वळी करून तिचा 'ग' केला आणि हौसाच्या हातात दिला. तिने डोळे मिटून तो चाचपला आणि ती हळूच हसली.

तो 'ग' काही गायब झाला नाही. वर्षभरात त्याच्यामागून बाकीची अक्षरंही आली. पाढे मात्र पाचपर्यंतच आले.

गाव म्हणालं, "पेठेतली पोरं वीसपर्यंत म्हणतात."

"म्हणू देत की," कासार म्हणाला. "आमची हौसा शाळेतून आली की बोलायला लागते, ती झोपेपर्यंत थांबत नाही."

तात्पर्य: शाळेची कमान मान वर करून खुशाल बघावी, पण त्याआधी खाली वाकून आपल्या लेकराचा हात हातात घ्यावा.