उतारावरची लाल दोरी

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा पडलेला बर्फ कधीच वितळून समुद्राला मिळाला, गोष्ट तेवढी मागे राहिली.

एका डोंगराळ राज्यात दोन गावं होती आणि त्यांच्या मध्ये एक उभा उतार. उन्हाळ्यात तिथे मेंढरं निवांत चरायची. हिवाळ्यात मात्र तोच उतार बर्फाने भरायचा आणि कधीतरी सगळाच्या सगळा खाली सुटायचा. उताराच्या अलीकडच्या टोकाला, एका मोठ्या खडकाच्या आडोशाला एक झोपडी होती. तिथे एक म्हातारी एकटी राहायची.

तिचा नवरा एका हिवाळ्यात एकटाच उतार ओलांडायला गेला होता. तो कुठे गाडला गेला हे कुणी पाहिलंच नाही, म्हणून तो सापडला तो थेट वैशाखात. तेव्हापासून म्हातारीने गावातलं घर सोडलं आणि इथे येऊन बसली.

ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवायची. फावड्याने कमरेइतका खड्डा खणून बर्फाचे थर दाखवायची. वर घट्ट थर आणि खाली रव्यासारखा भुसभुशीत बर्फ लागला, की त्या दिवशी वाट बंद. नवा बर्फ पडला की निदान दोन दिवस थांबायचं. ऊन चढायच्या आत निघायचं. कमरेला लांब लाल दोरी बांधून ती मागे सोडायची, म्हणजे माणूस गाडला गेला तरी दोरी कुठेतरी वर दिसते. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, एका वेळी एकानेच जायचं आणि मागे राहिलेल्याने त्याच्यावरची नजर हलवायची नाही.

पलीकडे पोचलेला माणूस वळून हात वर करायचा. म्हातारीही हात वर करायची. मग तो खाली उतरून दिसेनासा व्हायचा, कारण घरी जायची घाई कुणाला नसते? म्हातारीने माणसांच्या इतक्या पाठी पाहिल्या होत्या, की गावातले चेहरे ती विसरत चालली होती. ती सगळ्यांकडे बघायची. तिच्याकडे बघायला कुणी थांबावं, हे इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आणि तिनेही ते कधी मागितलं नाही. मागायला तोंड उघडावं लागतं, आणि तिचं तोंड नियम सांगण्यापुरतंच उघडायचं.

एका हिवाळ्यात पलीकडच्या गावातून निरोप आला. तिची धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती. रोज दाराकडे बघून विचारत होती, ताई आली का? ती उन्हाळा काही बघत नाही, असं वैद्य म्हणाला होता.

निरोप देणारा माणूस आपल्या वाटेने निघून गेला. म्हातारीने कमरेला दोरी बांधली, मग सोडली, पुन्हा बांधली. मागे नजर ठेवायला कुणी नव्हतं. आपलाच नियम आपण मोडायचा कसा? ती दोरी मांडीवर घेऊन दिवसभर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी एक लोकरवाला आपलं खेचर घेऊन आला. माणूस भला, पण भारी बोलका. घरी त्याला कुणी नव्हतं, म्हणून तो वाटभर खेचराशीच बोलायचा. म्हातारीने खड्डा खणला. खाली रवा लागला. दोन दिवस थांबायचं, असं तिने सांगितलं. ते दोन दिवस तिच्या बहिणीचेही होते. पण बहिणीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. लोकरवालाच बोलत राहिला.

तिसऱ्या दिवशी पहाटे थर बराच धरला होता. म्हातारीने त्याच्या कमरेला दोरी बांधली आणि बजावलं, "आधी तू पलीकडे जा. खेचर मागून सोडेन. मधे थांबू नकोस, त्याला हाक मारू नकोस."

तो निघाला. अर्ध्या उतारावर पोचला तेव्हा आजूबाजूला नुसतं पांढरं होतं आणि कसलाच आवाज नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. त्याला फार एकटं वाटलं. मागे वळून बघायचं त्याला सुचलं नाही. बघितलं असतं तर म्हातारी दिसली असती. त्याने शीळ घातली.

खेचर म्हातारीच्या हाताला हिसका देऊन सुटलं आणि मालकाजवळ जाऊन उभं राहिलं. पायाखाली धप्प असा आवाज झाला. वर एक भेग आडवी धावत गेली, आणि उतार सुटला.

म्हातारीने शेवटपर्यंत डोळे मिटले नाहीत. तो दिसेनासा झाला ती जागा तिने मनात धरली. वर आणखी बर्फ लटकलेला नाही ना, हे पाहिलं आणि फावडं घेऊन ती उतारावर गेली. भाताला उकळी येईपर्यंतचा काय तो वेळ हाताशी होता. त्या जागेच्या खाली तिला बोटभर लाल दोरी दिसली. दोरीच्या मागावर खणत खणत ती त्याच्या तोंडापर्यंत पोचली आणि आधी नाकातोंडातला बर्फ काढला. लोकरवाला जगला. खेचराला दोरी नव्हती. ते सापडलं नाही.

दोन दिवस तो झोपडीत पडून होता. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "मावशी, मला काढायला आलात, तेव्हा तुमच्यावर नजर कुणाची होती?"

"कुणाची असणार?" म्हातारी म्हणाली, आणि एवढ्या वर्षांनी तिला रडू फुटलं. मग तिने बहिणीचं सगळं सांगितलं.

लोकरवाल्याने लाल दोरी उचलून तिच्या हातात दिली. "उद्या पहाटे तुम्ही जा. मी बघतो."

"तू बडबडत बसशील."

"आता कुणाशी बडबडू, मावशी?"

सकाळी तिने खड्डा खणला, थर तपासले आणि ती निघाली. लोकरवाल्याने पापणीही लववली नाही. उताराच्या मध्यावर म्हातारीला पाठीवर काहीतरी ऊबदार जाणवलं. ऊन अजून चढलं नव्हतं. पलीकडे पोचून तिने वळून हात वर केला, आणि खडकापाशी एक हात वर झाला.

बहीण अकरा दिवस जगली, ताईचा हात धरून.

बाराव्या दिवशी म्हातारी उताराच्या पलीकडच्या टोकाशी आली. लोकरवाला कधीच निघून गेला असेल, असं ती धरून चालली होती. पण झोपडीतून धूर येत होता आणि खडकावर तो बसलेला होता. एकटेपणाला भिणारा तो माणूस बारा दिवस एकटाच तिची वाट बघत होता. नजर दोन्ही टोकांना हवी, असा म्हातारीने विचार केला आणि पलीकडेच एक झोपडी बांधायला घेतली.

तेव्हापासून त्या उताराच्या दोन्ही टोकांना धूर दिसायचा. मधला उतार इतका रुंद की हिवाळाभर त्या दोघांना एक शब्दही बोलता यायचा नाही. रोज सकाळी इकडून एक हात वर व्हायचा आणि तिकडून एक. एवढंच. पण त्यानंतर त्या वाटेवर गेलेल्या एकाही माणसाला शोधायला वैशाखाची वाट बघावी लागली नाही.

तात्पर्य: धोक्याची वाट एकेकट्यानेच ओलांडावी लागते, पण कुणाची तरी नजर पाठीवर असल्याशिवाय पाऊल टाकू नये, आणि जो सगळ्यांची पाठ राखतो त्याच्या पाठीकडे बघायला विसरू नये.