राक्षसाला दिसलेले पाय

एक होता राजा. त्याला एकच लेक, मंजुळा. दिवसभर बागेत बागडायची.

बागेसमोरच्या माळावर राहायचा एक राक्षस. बुटका आणि महाआळशी, पण फुंकर मोठी जबरदस्त. एकदा त्याला मंजुळा दिसली. म्हणाला, "राजा, पोरगी गोड आहे. पुन्हा दिसली, की नेली."

मग काय, राजाने लेकीला महालात कोंडलं. पोर जेवेना, हसेना. राजाचा जीव तीळ तीळ तुटायला लागला.

राजाने भिंत बांधली. राक्षसाने फुंकर मारली, भिंत पडली. मग कापडाची कनात लावली. फुंकर मारली, कनात उडाली.

मग आली धोंडाबाई माळीण. म्हणाली, "महाराज, मी तगर लावते. वारा आला की वाकेल, गेला की उठेल."

पावसाळ्यात तिने वीतवीतभर काड्या ओळीने खोचल्या. काड्या फुटल्या, वाढल्या, कळ्या आल्या. तगर खालून दाट व्हावी म्हणून धोंडाबाईने छाटायला कोयता उचलला, तर राजा आडवा आला. "कळीची फांदी तोडायची नाही. देवाची फुलं आहेत ती."

आता राजापुढे कोण बोलणार? तगर वाढली उंचच उंच. वर फुलंच फुलं, आणि खाली नुसत्या काटक्या, बरं का!

मंजुळा धावत बागेत आली. राक्षस पोटावर आडवा झाला आणि म्हणाला, "पाय दिसले!"

पण आळशीच तो. उठून वहाणा घालेपर्यंत मंजुळा घरात पळाली.

राजाने डोळे पुसले आणि कोयता स्वतः धोंडाबाईच्या हातात दिला. "चुकलो मी. छाट."

तिने गुडघ्याएवढी छाटली. एका फांदीच्या चार झाल्या. मग कमरेएवढी छाटली. मग डोक्याच्या वर. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अशी दाटली, की चिमणीलाही वाट मिळेना. आणि फुलं? पहिल्यापेक्षा दुप्पट.

मंजुळा बाहेर आली. राक्षसाने उभ्याने पाहिलं, बसून पाहिलं, पोटावर पडून पाहिलं. फुंकर मारली. तगर वाकली, उठली. फट काही पडली नाही. दमला बिचारा. म्हणाला, "फुलं मात्र छान आहेत. मलाही काड्या द्या."

राजाने भारा पाठवला. मंजुळा पुढे रोज बागेतच जेवली, आणि तगर छाटायलाही शिकली.

राक्षसानेही माळावर तगर लावली. पण छाटायचा आळस केला. म्हणून अजून त्याच्या कुंपणाखालून त्याचेच पाय दिसतात.

तुमचे पण दिसतायत. घ्या आत पांघरुणात, आणि मिटा डोळे.